विणीचें माप आणि नमुन्याचा चौकोन

थंडीचे दिवस जवळ येऊं लागले कीं घरोघरीं लोकरीचे गुंडे आणि सुया पेटींतून बाहेर निघतात. आणि संक्रांत उलटते न उलटते तोंच असें दिसून येतें कीं, वडिलांच्या मापाचा म्हणून घातलेला स्वेटर थोरल्या चिरंजीवांच्या अंगांत आहे, चिरंजीवांचा धाकट्या पुतण्याच्या अंगांत आहे, आणि पुतण्याकरितां विणलेला एखाद्या भाचीकडे जाऊन पोंचला आहे. एकत्र कुटुंबाचा हा एक मोठाच फायदा म्हणावयाचा! चुकलेलें माप कोणाच्या ना कोणाच्या अंगावर बसतेंच, आणि विणणारीची लाज राहते. परंतु मुलगा परदेशीं शिकावयास किंवा नोकरीस निघाला असेल आणि त्याच्या सामानांत घालावयाचा स्वेटर अंगांत न जाणारा निघाला, तर तेथें हा उपाय चालत नाहीं. महिना दीड महिन्याचे श्रम आणि बरीच महाग लोकर त्या एका वस्तूंत गेलेली असते. म्हणून ह्या वेळीं आम्हीं नव्या नमुन्यांची कृति न देतां, कोणत्याहि कृतीला हात घालण्यापूर्वीं जें करावयाचें त्याविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे.

लोकरीच्या विणकामाचें कोणतेंहि पुस्तक उघडावें. कृतीच्या आरंभीं, साहित्याच्या यादीखालीं, बारीक टायपांत एक ओळ असते : ‘२८ टाके व ३६ ओळी म्हणजे ४ इंच चौरस.’ इंग्लंडांत छापलेल्या पुस्तकांत तिला ‘टेन्शन’ म्हणतात, अमेरिकेंतील पुस्तकांत ‘गेज’ म्हणतात; आपण तिला विणीचें माप म्हणूं. दहांतील नऊ भगिनी ही ओळ ओलांडून थेट ‘१३३ टाके घालावे’ येथून वाचावयास लागतात असा आमचा समज आहे. वास्तविक पुढील सर्व आंकडे ह्या एका ओळीवर टांगलेले असतात. ज्या बाईनें ती कृति लिहिली तिच्या हातानें, तिच्या लोकरीनें व तिच्या सुयांनीं एका इंचांत सात टाके बसले, म्हणून तिनें ३८ इंचांच्या घेराला साता आठत्रिकें २६६ टाके धरले व त्यांचे पाठ आणि पुढचा भाग असे दोन सारखे वांटे केले. तो १३३ चा आंकडा तिच्या हाताचा आहे. आपल्या हाताचा तो असेलच असें नाहीं.

फरक किती पडतो तें हिशोबानेंच पाहावें. समजा, आपला हात थोडा सैल आहे आणि इंचांत सातांऐवजीं साडेसहा टाके बसतात. अर्धा टाका म्हणजे डोळ्यांना दिसण्यासारखी गोष्ट नव्हे. पण २६६ ला साडेसहानें भागिलें म्हणजे घेर जवळ जवळ ४१ इंच येतो. उलट हात घट्ट असून साडेसात टाके बसत असतील तर तोच घेर साडेपस्तीस इंचांवर येतो. म्हणजे एकच पुस्तक, एकच लोकर, एकाच नंबराच्या सुया आणि टाकेहि मोजून तितकेच. तरी दोघी जावांनीं विणलेल्या दोन स्वेटरांत साडेपांच इंचांचें अंतर! मग ‘माप नीट घेतलें नसेल’, ‘मोजतांना लक्ष दुसरीकडे असेल’ असे शब्द निघतात आणि बिचारीला ते मुकाट्यानें ऐकून घ्यावे लागतात. माप नीटच घेतलेलें असतें, टाकेहि बरोबर असतात. चुकलेली असते ती आरंभींची न वाचलेली ओळ.

येथें एका समजुतीविषयीं थोडें स्पष्ट लिहिणें भाग आहे. आपल्याकडे घट्ट हात हा नेटकेपणाचा व सैल हात हा ढिलाईचा असें मानण्याची चाल आहे, आणि नव्या सुनेच्या हाताची परीक्षा ह्या मापानें होते. आम्हांस हें न्यायाचें वाटत नाहीं. लोकर कोणत्या बोटावरून घेतली, किती वेढे दिले, धागा उजव्या हातांत धरण्याची संवय आहे कीं डाव्या, सुईच्या टोंकाशीं विणतात कीं जाड भागावर, ह्या सर्वांवर टाक्याचा आकार ठरतो. आणि हीं वळणें एकदां पडलीं कीं तीं हस्ताक्षरासारखीं कायम होतात. सैल हात सर्व ओळींत सारखाच सैल असेल तर त्याच्यांत कांहीं उणें नाहीं. सुई बदलली कीं तो दुरुस्त होतो. मात्र हात मुद्दाम आवळून किंवा सोडून माप जमविण्याचा प्रयत्न करूं नये, कारण असा आवळलेला हात चार ओळी टिकतो आणि पांचव्या ओळींत, गप्पा रंगल्या कीं, आपल्या मूळच्या चालीवर येतो.

सुईच्या नंबराविषयीं फार घोटाळा आहे. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत विणकामाचीं पुस्तकें छापूं लागलीं तेव्हां लेखिकांपुढें पहिली अडचण हीच आली कीं, ‘बारीक सुई’ म्हणजे किती बारीक हें वाचणारीला कळावें कसें. मिस लँबर्ट ह्यांनीं १८४३ च्या आपल्या विणकामाच्या पुस्तकांत सुयांची जाडी ठरविण्याकरितां भोकें पाडलेल्या मापपट्टीचा आधार घेतला. सुई ज्या भोकांत बसेल तो तिचा नंबर. ही पट्टी तारांच्या मापाच्या धर्तीची असल्यामुळें तिच्यांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, अशी उलटी रीत पडली, आणि तीच जुनी इंग्रजी रीत आपल्याकडे आली. ह्या रीतीनें ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची व १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकेंत नंबर सरळ चालतात; तेथील ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची व १० नंबरची तर ६ मिलिमीटरची असते. न्यूजर्सीहून नणंदेनें एखादी कृति हौसेनें पाठविली आणि पुण्यांतील वहिनींनीं तींतील ‘८ नंबर’ वाचून पेटींतील ८ नंबरच्या सुया काढल्या, तर स्वेटर कोणाच्या अंगांत जाईल हें सांगण्यास ज्योतिषी नको. म्हणून नंबर सोडून मिलिमीटर पाहावे. आणि मिलिमीटर जुळले तरी ती केवळ सूचना समजावी. ‘ह्या जाडीपासून आरंभ करून पाहा’ एवढाच तिचा अर्थ आहे. आपली सुई कोणती तें नमुन्याचा चौकोन सांगतो.

हा चौकोन बहुतेक जणी करीत नाहींत, आणि ज्या करतात त्यांपैकींहि पुष्कळजणी तो इतका लहान करतात कीं त्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. वीसपंचवीस टाके घालून दोन बोटें विणावयाचें आणि त्यावर मापपट्टी ठेवावयाची, ह्यानें खरें माप कधींच येत नाहीं. कडेचे टाके नेहमीं ओढलेले किंवा पसरलेले असतात, टाके घातलेली पहिली ओळ घट्ट असते आणि सुईवर असलेली शेवटची ओळ सुईच्या जाडीनें ताणलेली असते. मोजावयाचा भाग ह्या चारहि कडांपासून दूर असला पाहिजे. इंचाला सात टाक्यांची वीण असेल तर ४० टाके घालून ५२ ओळी तरी विणाव्या, म्हणजे पावणेसहा इंचांच्या आसपास चौकोन होतो. चारहि बाजूंनीं तीन चार टाके किंवा ओळी नुसत्या सुलट ठेवाव्या म्हणजे कडा वळत नाहींत. मधला भाग मात्र ज्या विणीचा स्वेटर करावयाचा त्याच विणीचा असावा. दोन सुलट दोन उलट अशी वीण आंत ओढते, वेणीचा पीळहि ओढतो, आणि जाळी पसरते. तेव्हां साध्या विणीचा चौकोन करून वेणीच्या स्वेटराचे टाके ठरविण्यांत अर्थ नाहीं. सुयाहि ज्या पुढें वापरावयाच्या त्याच घ्याव्या. धातूच्या सुईवरून टाका निसटतो व बांबूच्या सुईवर तो अडतो, त्यामुळें एकाच जाडीच्या दोन सुयांवर एकाच हाताचें माप निराळें येऊं शकतें.

शेवटचे टाके सैल बंद करावे, किंवा दुसऱ्या रंगाच्या धाग्यावर उतरवून ठेवावे. आणि मग चौकोन धुवावा. ह्या पायरीला भगिनी सर्वांत अधिक कंटाळतात, परंतु स्वेटर आयुष्यभर धुतलाच जाणार आहे. न धुतलेल्या विणीचें माप हें पहिल्या आठवड्यापुरतें माप. ज्या रीतीनें स्वेटर धुणार त्याच रीतीनें चौकोन धुवावा : हातानें धुणार असाल तर कोमट पाण्यांत, यंत्रांत टाकणार असाल तर यंत्रांत. पिळूं नये. पंचांत गुंडाळून दाबावा व सावलींत सपाट पसरून पुरता वाळूं द्यावा. शुद्ध लोकर धुतल्यावर फुलते आणि टाके आपापल्या जागीं बसतात. यंत्रांत धुण्याजोगी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर ओली झाली कीं लांबते, कित्येकदां चांगलीच लांबते, आणि ज्यांना हें ठाऊक नसतें त्यांच्या स्वेटराचा पहिल्या धुण्यांत परकर होतो. सुती धागा जड असल्यामुळें अंगावर आपल्याच वजनानें उतरतो. त्याचा चौकोन वाळल्यावर दोन चिमटे लावून एक दिवस दोरीवर टांगून ठेवावा व मग मोजावा. मुंबईकोंकणच्या हवेंत लोकरीपेक्षां सुती धाग्याचीच वस्त्रें अधिक वापरलीं जात असल्यामुळें तिकडील भगिनींनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. ॲक्रिलिकचा धागा साध्या धुण्यानें फारसा बदलत नाहीं, पण त्यावर गरम इस्त्री फिरविली तर वीण कायमची लुळी पडते. इस्त्रीचा प्रयोग करून पाहावयाचाच असेल तर तो चौकोनावर करावा!

वाळलेला चौकोन टेबलावर न ताणतां ठेवावा. मध्यभागीं एक टांचणी उभी टोंचावी, फूटपट्टीनें बरोबर ४ इंच मोजून दुसरी टोंचावी, आणि दोहोंमधील टाके मोजावे. अर्धा टाका आला तर तो अर्धा म्हणूनच लिहावा, टाकून देऊं नये. वर दाखविल्याप्रमाणें सारी गोम अर्ध्या टाक्यांतच आहे. दोनतीन ठिकाणीं मोजून सरासरी घ्यावी. मग तसेंच उभें मोजून ओळी घ्याव्या. अलीकडील पुस्तकांत ४ इंचांऐवजीं १० सेंटिमीटर लिहितात. हीं दोन अगदीं एक नव्हेत, १० सेंटिमीटर थोडे कमी भरतात. ३८ इंचांच्या घेरांत त्यामुळें अर्ध्या इंचाहून थोडा जास्त फरक पडतो, तेव्हां पुस्तकांत जें असेल त्याच मापानें मोजावें.

आतां टाके पुस्तकापेक्षां जास्त भरले तर सुई जाड घ्यावी, कमी भरले तर बारीक घ्यावी, आणि पुन्हा चौकोन करावा. टाके जुळूनहि ओळी जुळल्या नाहींत तर घाबरूं नये. हें फार वेळां होतें, आणि ‘मुंढ्यापर्यंत १५ इंच विणावें’ असें जेथें लिहिलेलें असतें तेथें त्यानें कांहींच बिघडत नाहीं. बिघडतें तें ‘७२ ओळी विणाव्या’ असें लिहिलेलें असतें तेथें. पुस्तकाच्या हिशोबानें इंचाला ९ ओळी म्हणजे हे ८ इंच झाले. आपल्या ८ च ओळी बसत असतील तर तेच ९ इंच होतील आणि मुंढा काखेखालीं लोंबेल. अशा जागीं ओळींचे आधीं इंच करून घ्यावे व मग आपल्या हाताच्या ओळी कराव्या. मानेपासून काखेपर्यंत तिरका मुंढा असलेल्या स्वेटरांत दर दुसऱ्या ओळीस टाके कमी होत असल्यामुळें सारा आकारच ओळींवर अवलंबून असतो; तेथें ओळींचें माप टाक्यांइतकेंच काळजीनें जुळवावें.

कित्येकींना दोनतीन चौकोन करूनहि पुस्तकाचें माप मिळत नाहीं, किंवा मिळतें तेव्हां वीण इतकी दाट होते कीं कापड पुठ्ठ्यासारखें वाटतें. त्यांनीं पुस्तकाचा आंकडा सोडून द्यावा. जी वीण हाताला आवडली तिचे इंचाचे टाके घेऊन पाहिजे त्या घेरानें गुणावें. साडेसहा टाके आणि ३८ इंच म्हणजे २४७. दोन सुलट दोन उलट पट्टीला चारांच्या पटींत टाके लागतात म्हणून २४८. झालें. इंग्लंडांत जन्मलेल्या व पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन ह्या बाईंनीं १९७१ सालच्या आपल्या पुस्तकांत हीच रीत पुढें नेऊन, छातीच्या घेराच्या टाक्यांवरून बाही, मनगट वगैरे भागांचे टाके शेंकडा प्रमाणानें काढावयास शिकविलें. ज्या बाईजवळ स्वतःचा एक आंकडा आहे तिला पुस्तकाची गरज पुष्कळच कमी उरते, हें त्यांचें म्हणणें आम्हांस पूर्ण पटतें.

‘पण लोकर किती वायां जाते!’ असा आक्षेप घरांतील वडील मंडळींकडून येतो, आणि लोकरीचे भाव पाहतां तो अगदींच अस्थानीं नाहीं. मात्र हिशोब करावा. ३८ इंच घेराच्या, २४ इंच उंचीच्या, पुऱ्या बाह्यांच्या स्वेटराची वीण सुमारें तेराशें चौरस इंच भरते आणि आपला चौकोन तेहेतीस चौरस इंच भरतो. म्हणजे साऱ्या लोकरीचा चाळिसावा हिस्सा. तोहि वायां जात नाहीं. काम पुरें होईपर्यंत चौकोन जपून ठेवावा, लोकर अपुरी पडली तर उसवून वापरावा, नाहीं तर पुढेंमागें कोंपर फाटलें म्हणजे ठिगळाला त्याच रंगाची, तितकीच धुतलेली लोकर हाताशीं असते.

एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण असते, जिचा विचार इंग्रजी पुस्तकांत सहसा नसतो. तेथें स्वेटर एकीचा असतो. आपल्याकडे तो घराचा असतो. थोरल्या जाऊबाईंनीं पाठ विणावी, धाकटीनें पुढचा भाग घ्यावा, वन्सं माहेरपणाला आल्या कीं त्यांच्या हातीं एक बाही द्यावी, आणि सासूबाईंनीं दुपारीं सवड सांपडेल तशा चार ओळी कोणाच्याहि सुईवर विणाव्या, हें चित्र पुष्कळ घरांत ओळखीचें असेल. त्यांत जो जिव्हाळा आहे तो आम्हांस मोडावयाचा नाहीं. परंतु एकीचे इंचाला सात टाके व ९ ओळी आणि दुसरीचे साडेसहा टाके व ८ ओळी असतील तर १३३ टाक्यांची पाठ १९ इंच रुंद व पुढचा भाग साडेवीस इंच होतो. आणि १३५ ओळींची बाजूची शिवण एकीकडे १५ इंच व दुसरीकडे जवळ जवळ १७ इंच येते. ती शिवण कितीहि चतुर हातानें घातली तरी चुण्या पडल्यावांचून राहत नाहीं, आणि चुणी दिसली कीं ती कोणाच्या भागाची ह्याची चर्चा सुरू होते.

ह्याला उपाय आहे. घरांत विणणाऱ्या प्रत्येकीनें त्याच लोकरीचा आपापला चौकोन करावा आणि सर्वांचें माप एक येईल अशी प्रत्येकीची सुई ठरवावी. सासूबाईंची १० नंबरची, जाऊबाईंची ९ ची व धाकटीची ११ ची निघाली तरी हरकत नाहीं. विणीला सुईचा नंबर दिसत नाहीं. चौकोनाला चिठ्ठी टांचून तीवर नांव, लोकर, सुई, टाके व ओळी लिहून ठेवाव्या, म्हणजे पुढच्या वर्षीं नव्यानें शोध करावा लागत नाहीं. कामाची वांटणीहि जोडीनें करावी : पाठ आणि पुढचा भाग एकीकडे, दोन्ही बाह्या दुसरीकडे. दोन बाह्या दोन हातांच्या झाल्या तर तें अंगावर लगेच दिसतें. आणि दुसऱ्याच्या सुईवर मायेनें चार ओळी विणून ठेवण्याची संवय वडील मंडळींनीं सोडावी, असें नम्रपणें सुचवावेंसें वाटतें. त्या चार ओळींची पट्टी पाठीवर वर्षानुवर्षें वाचतां येते.

एवढें करूनहि चौकोन कधीं कधीं फसवितो. चौकोन विणतांना आपण परीक्षेस बसल्यासारख्या सावध असतों, आणि स्वेटर विणतांना मूल मांडीवर असतें किंवा निघण्याचा दिवस जवळ आलेला असतो. म्हणून पहिल्यानें बाही विणावी व ती वीतभर झाली कीं पुन्हा मोजावी. बिघडलीच तर वीतभरच उसवावें लागेल. गोल सुईवर अखंड वेढ्यांनीं विणावयाचें असेल तर चौकोनहि तसाच, सुलट बाजूनेंच विणलेला असावा. कारण उलट ओळ पुष्कळांच्या हातानें सुलट ओळीपेक्षां सैल पडते, आणि गोल विणींत उलट ओळ येतच नाहीं.

क्रोशाच्या कामांत विणीचें माप कशाला, असें विचारलें जातें. टेबलावरचा रुमाल बोटभर मोठा झाला म्हणून कोणाचें अडत नाहीं, हें खरें. पण जाळीच्या घरांत चित्रें भरावयाचीं असतील तेथें माप चुकलें तर चित्रच चुकतें. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब, असें घर चौरस होण्यास खांबाची उंची तीन टाक्यांच्या रुंदीइतकी असावी लागते. ज्यांच्या हातचा खांब बुटका असतो त्यांचीं घरें आडवीं पसरतात. आडवीं दहा घरें ४ इंच आणि उभीं दहा घरें साडेतीन इंच असें माप येत असेल, तर ६० घरांचा चौरस मोर २४ इंच रुंद व २१ इंच उंच होतो आणि बदकासारखा दिसूं लागतो. सुई बदलून हें सुटत नाहीं, कारण जाड सुईनें रुंदी व उंची दोन्ही वाढतात. सुईवर वेढा घेऊन खालच्या टाक्यांतून जो पहिला फांसा वर काढावयाचा, तो किंचित उंच ओढावा. खांबाची उंची तेथेंच ठरते. बारा घरें रुंद व बारा घरें उंच असा तुकडा करून, धुऊन, टांचण्यांनीं ताणून वाळवून पाहावा, आणि फांसा किती ओढला म्हणजे तो चौरस होतो हें बोटांना कळल्यावर मग मोराला हात घालावा.

परदेशी पुस्तकावरून क्रोशा करणारांनीं नांवांकडेहि लक्ष द्यावें. सुईवर वेढा न घेतां होणारा जो आपला मुका खांब, त्याला इंग्लंडांत ‘डबल क्रोशे’ म्हणतात व अमेरिकेंत ‘सिंगल क्रोशे’. एक वेढा घेऊन होणारा खांब इंग्लंडांत ‘ट्रेबल’ व अमेरिकेंत ‘डबल’. पुस्तक कोठलें तें न पाहतां ‘डबल’ विणावयास घेतलें तर उंची जवळ जवळ दुपटीनें चुकते, आणि चौकोनाचें माप कोणत्याच सुईनें जुळेनासें होतें. तेव्हां दोनतीन सुया बदलूनहि माप अगदींच विसंगत येत असेल तर हाताला बोल लावण्यापूर्वीं पुस्तकाचें पहिलें पान उघडून तें कोठें छापलें आहे तें पाहावें.